जीव न घेता रोखणारी शस्त्रे

जमावासमोर उभ्या राहिलेल्या पोलिसाकडे पूर्वी तीनच साधने असत: तोंडी हुकूम, हातातली काठी आणि खांद्यावरची बंदूक. हुकूम कोणी जुमानला नाही की काठी, काठीने भागले नाही की गोळी. पुढे अश्रुधूर आला, पण तो अपुरा पडला की पुन्हा बंदुकीवरच यावे लागे. याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्चावर गोळीबार झाला आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा संपेपर्यंत हुतात्म्यांची संख्या १०६ वर गेली.

काठी आणि गोळी यांच्यामधली जागा भरून काढण्यासाठी जगभर जी साधने घडवली गेली, त्यांचा हा आढावा आहे. माणसाला काही काळ निष्प्रभ करायचे, मागे रेटायचे किंवा जागीच थांबवायचे, पण त्याचा जीव घ्यायचा नाही आणि त्याला कायमचे अपंग करायचे नाही, असा त्यांचा हेतू सांगितला जातो. हा हेतू मोलाचा आहे आणि त्याने अनेक जीव वाचले आहेत. पण यातले एकही साधन स्वभावतः निरुपद्रवी नाही. ते किती अंतरावरून, शरीराच्या कोणत्या भागावर, मोकळ्या जागेत की बंदिस्त खोलीत वापरले, आणि नंतर जखमीला डॉक्टर किती लवकर मिळाला, यावर माणूस जगणार की मरणार हे ठरते. हे चार प्रश्न मनात ठेवले की पुढची सगळी शस्त्रे समजून घेणे सोपे जाते.

लाठी, रबरी गोळी आणि छर्रा

यातले सर्वांत जुने आणि आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे लाठी. वार मांसल भागावर करावा, डोके आणि गळपट्टीचे हाड टाळावे, असे पोलिसांना शिकवले जाते. हा नियम पाळला नाही तर काय होते, हे २१ मे १९३० रोजी धारासनाच्या मिठागरावर जगाने पाहिले. हात वर न करणाऱ्या सत्याग्रहींच्या डोक्यांवर लोखंडी टोकाच्या लाठ्या पडत होत्या. अमेरिकी वार्ताहर वेब मिलर यांनी तात्पुरत्या इस्पितळात जाऊन स्वतः ३२० जखमी मोजले. त्यातले दोघे दगावले. त्याआधी, १९२८ मध्ये, लाहोरमध्ये लाला लजपत राय यांच्यावर लाठ्या पडल्या आणि अठरा दिवसांनी त्यांचे निधन झाले. आजही लाठीमाराचे परिणाम जखमांपुरते राहत नाहीत. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. त्यानंतर आंदोलन राज्यभर पेटले आणि काही दिवसांतच गृहमंत्र्यांना जाहीर माफी मागावी लागली.

लाठीसाठी जमावाला भिडावे लागते. दगड मात्र दुरून येतो. मग दुरून मारता येईल अशी लाठी हवी, या विचारातून वसाहतकालीन हाँगकाँगमध्ये लाकडी गोळ्या आल्या आणि १९७० मध्ये ब्रिटिश सैन्याने उत्तर आयर्लंडमध्ये रबरी गोळी आणली. ही गोळी सुमारे पंधरा सेंटीमीटर लांब आणि बोथट तोंडाची होती. ती थेट माणसावर झाडायची नसून समोरच्या जमिनीवर मारायची आणि उसळून पायांना लागू द्यायची, असा नियम होता. रस्त्यावरच्या धुमश्चक्रीत तो टिकला नाही. बेलफास्टच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये अशा ९० जखमींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातला एक दगावला होता, १७ जणांना कायमचे अपंगत्व किंवा विद्रूपता आली होती आणि दोघांचे दोन्ही डोळे गेले होते. पुढे रबराऐवजी प्लॅस्टिकच्या गोळ्या आल्या. उत्तर आयर्लंडमध्ये या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांनी एकूण १७ जीव घेतले आणि त्यातली आठ मुले होती.

यामागे भौतिकशास्त्रातली एक अडचण आहे आणि ती कोणत्याही कारखान्याला पूर्णपणे सोडवता आलेली नाही. पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला जोरदार फटका बसायचा असेल, तर गोळी नळीतून त्याहून बऱ्याच जास्त वेगाने निघाली पाहिजे. म्हणजे तीच गोळी पाच मीटरवरच्या माणसाचे हाड किंवा कवटी फोडू शकते. वेग कमी ठेवावा, तर ती लांबवर पोचेपर्यंत भरकटते आणि मांडीवर धरलेला नेम डोळ्यावर लागतो. थोडक्यात, जवळून ती जास्त जोरात लागते आणि दुरून भलत्याच जागी लागते.

गोळीच्या जागी छर्रे आले की ही अडचण शेकडो पटींनी वाढते. काश्मीरमध्ये २०१० पासून जमाव पांगवण्यासाठी बारा बोअरच्या बंदुका वापरात आल्या. त्यांच्या एकेका काडतुसात जेमतेम दोन मिलिमीटर व्यासाचे शेकडो छर्रे भरलेले असतात. जवळून झाडले तर ते पुंजक्यानेच शरीरात घुसतात. लांबून झाडले तर पसरत जातात. नेम ज्याच्यावर होता त्याला लागतात आणि शेजारी उभा असलेल्याला, खिडकीतून पाहणाऱ्यालाही लागतात. पायांना लागलेला छर्रा त्वचेखाली अडकून राहील, पण डोळ्याला तेवढा एक पुरतो. जुलै २०१६ मध्ये बुऱ्हाण वानी हा अतिरेकी मारला गेल्यानंतर उसळलेल्या निदर्शनांत ३२ दिवसांत सुमारे १३ लाख छर्रे झाडल्याचे केंद्रीय राखीव पोलीस दलाने उच्च न्यायालयात सांगितले. श्रीनगरच्या श्री महाराजा हरिसिंग रुग्णालयातला नेत्रविभाग कोवळ्या वयाच्या रुग्णांनी भरून गेला. तेव्हा मुंबईचे डॉ. एस. नटराजन हे दृष्टिपटलाच्या शस्त्रक्रियेतले नावाजलेले तज्ज्ञ आपल्या सहकाऱ्यांसह तिथे गेले आणि त्यांनी स्थानिक डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून शस्त्रक्रिया केल्या. अशी शस्त्रक्रिया किचकट असते. छर्रा बुबुळातून किंवा पांढऱ्या भागातून आत शिरतो, आतल्या पारदर्शक गराला भेदतो आणि मागचा पडदा फाडतो. कित्येकदा तो डोळ्याच्या मागच्या भिंतीतून पारही जातो. जखम शिवता येते, आतले रक्त काढता येते, पडदा पुन्हा चिकटवता येतो, पण गेलेली नजर पूर्णपणे परत येईलच असे नाही.

चिलीमध्ये ऑक्टोबर २०१९ पासून मोठी निदर्शने झाली आणि चारशेहून अधिक लोकांना डोळ्यांच्या इजा झाल्या. पोलीस रबरी छर्रे वापरतो म्हणत होते. चिली विद्यापीठातल्या अभियंत्यांनी जखमींच्या शरीरातून काढलेले छर्रे तपासले, तेव्हा त्यांत रबर फक्त २० टक्के निघाले. उरलेल्या ८० टक्क्यांत सिलिका, बेरियम सल्फेट आणि शिसे होते. अहवाल बाहेर आला आणि त्याच महिन्यात पोलिसांना या छर्ऱ्यांचा वापर थांबवावा लागला. साधनाची तपासणी त्रयस्थाने केली की काय साधते, याचा हा पुरावा आहे.

धूर आणि पाणी

अश्रुधूर हा वायू नाही, हे अनेकांना माहीत नसते. आज जगभर वापरले जाणारे सीएस हे रसायन खोलीच्या तापमानाला पांढरी भुकटी असते. १९२८ मध्ये बेन कॉर्सन आणि रॉजर स्टॉटन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी ते बनवले आणि त्यांच्या आडनावांची आद्याक्षरेच त्याचे नाव झाली. नळकांड्यात ही भुकटी जळणाऱ्या मिश्रणात मिसळलेली असते. नळकांडे पेटले की तिची वाफ होते, हवेत येताच वाफ थिजते आणि अतिसूक्ष्म कणांचा ढग तयार होतो. ओलावा असेल तिथे हे कण चिकटतात: डोळे, नाक, घसा, घामेजलेली मान. तिथल्या वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना ते चेतवतात, मेंदूला जळल्याचा निरोप जातो आणि डोळे आपोआप मिटतात. वारा वाहत असेल आणि माणसाला तिथून निघून जाता आले, तर त्रास साधारण अर्ध्या तासात ओसरतो. दमेकरी, लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

‘निघून जाता आले तर’ ही अट सर्वांत महत्त्वाची. ऑगस्ट २०१३ मध्ये कैरोजवळ अबू झाबल तुरुंगाच्या आवारात कैद्यांनी खच्चून भरलेल्या गाडीत अश्रुधूर सोडला गेला आणि ३७ जण मेले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियातल्या मलंग जिल्ह्यात, कांजुरुहान स्टेडियममध्ये, फुटबॉलचा सामना संपल्यावर पोलिसांनी प्रेक्षकांच्या सज्जांकडे अश्रुधुराची नळकांडी डागली. लोक अरुंद दरवाजांकडे धावले, चेंगराचेंगरी झाली आणि १३५ जणांचा बळी गेला. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे नियम मैदानात असा धूर वापरण्यास मनाई करतात. अश्रुधुराचा उद्देश जमाव पांगवणे हा आहे. पांगायला वाट नसेल तर त्याचा सापळा होतो. नळकांडे थेट माणसावर डागले, तर धुराची गरजच उरत नाही. धातूचा तो तुकडा कवटी फोडायला पुरेसा असतो.

भारतात अश्रुधुराची नळकांडी बनवण्याचे मोठे केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे. सीमा सुरक्षा दलाचा हा कारखाना १९७६ पासून चालतो. काश्मीरमधल्या छर्ऱ्यांवरून गदारोळ झाल्यावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून ‘पावा’ची नळकांडी आली. या रसायनावर लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने काम केले होते. मिरचीच्या तिखटपणाशी त्याचे जवळचे नाते आहे. फोडणीत मिरची जळाली की घरभर जो ठसका लागतो, त्याच जातीचा हा त्रास, फक्त कित्येक पटींनी तीव्र. फेब्रुवारी २०२४ मध्ये हरियाणा पोलिसांनी शंभू सीमेवर शेतकऱ्यांवर ड्रोनमधून अश्रुधुराची नळकांडी टाकली. शेतकऱ्यांनी पतंग उडवून ड्रोन अडवण्याचा प्रयत्न केला. ड्रोनमुळे पोलिसाला जमावाजवळ जावे लागत नाही. पण खाली कोण उभे आहे, त्यात म्हातारे किती, वाट मोकळी आहे का, हे आता त्याला फक्त पडद्यावर दिसते.

पाण्याचा मारा सौम्य वाटतो, म्हणूनच त्याबाबत बेफिकिरी होते. ३० सप्टेंबर २०१० रोजी जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये रेल्वे प्रकल्पाविरुद्ध निदर्शने चालली होती. पाण्याचा झोत सरळ डोळ्यांवर बसून एका निवृत्त अभियंत्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेली. लंडनचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी २०१४ मध्ये जर्मनीकडून पाण्याचा मारा करणाऱ्या तीन जुन्या गाड्या विकत घेतल्या होत्या. गृहमंत्री थेरेसा मे यांनी वैद्यकीय आणि तांत्रिक तपासणीचा आधार घेऊन त्यांना परवानगी नाकारली. गाड्या एकदाही न वापरता भंगारात गेल्या.

वीज, आवाज, किरण

टेसर नावाचे विजेचे पिस्तूल जॅक कव्हर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात तयार केले. चाप ओढला की दाबाखालच्या नायट्रोजनच्या जोरावर दोन बारीक आकडे सुटतात, कपड्यात किंवा कातडीत रुततात आणि त्यांना जोडलेल्या तारांमधून पाच सेकंद विजेचे ठोके जातात. पन्नास हजार व्होल्टचा जो आकडा सांगितला जातो, तो कपडा आणि हवा यांच्या फटीतून ठिणगी पार होण्यासाठी लागणारा दाब आहे. शरीरातून वाहणारा सरासरी प्रवाह काही मिलिअँपियरच असतो. तेवढ्याने स्नायू आखडतात आणि माणूस लाकडासारखा कोसळतो. धोका बहुधा इथेच असतो. कोसळताना हात पुढे करता येत नाहीत, डोके फरशीवर आपटते. हृदयविकार, नशा, पुन्हा पुन्हा दिलेले झटके यांनी धोका वाढतो.

या साधनाची एक बाजू मात्र इतरांनी उचलण्यासारखी आहे. चाप किती वाजता ओढला आणि किती सेकंद दाबून ठेवला, याची नोंद टेसर स्वतःच ठेवतो. ऑगस्ट २०१६ मध्ये माजी इंग्लिश फुटबॉलपटू डेलियन अ‍ॅटकिन्सन याला एका पोलिसाने टेसरचा झटका दिला आणि तो खाली पडल्यावर डोक्यात लाथा घातल्या. झटका पाचऐवजी ३३ सेकंद चालला होता, हे खटल्यात समोर आले. २०२१ मध्ये त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधाबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली.

आवाजाचे शस्त्र समुद्रावरून आले. ऑक्टोबर २००० मध्ये एडनच्या बंदरात ‘यूएसएस कोल’ या अमेरिकी युद्धनौकेवर स्फोटकांनी भरलेली लहान बोट आदळवली गेली. जवळ येणाऱ्या अनोळखी बोटीला दुरूनच बजावता यावे, म्हणून ध्वनीचा अरुंद, जोरकस झोत फेकणारे यंत्र बनले. स्पष्ट शब्दांत सूचना दूरवर पोचवणे हा त्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे, कारण ऐकू आलेल्या इशाऱ्याने पुढची सगळी शस्त्रे टळू शकतात. तेच यंत्र जवळून पूर्ण ताकदीने चालवले तर कान कायमचे जाऊ शकतात. २००९ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ते निदर्शकांवर वापरले गेले आणि प्रकरण न्यायालयात गेले.

अमेरिकी सैन्याने ९५ गिगाहर्ट्झच्या लहरी फेकणारे यंत्रही तयार केले. या लहरी कातडीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी खोल जातात, पण भट्टीचे दार उघडल्यासारखा चटका देतात आणि माणूस आपोआप बाजूला होतो. २०१० मध्ये ते अफगाणिस्तानात नेले आणि एकदाही न वापरता परत आणले.

रणांगणावर उलटे नियम

१९९५ च्या सुरुवातीला सोमालियातून संयुक्त राष्ट्रांच्या फौजा माघारी आणायच्या होत्या. जनरल अँथनी झिनी यांच्या अमेरिकी मरीन सैनिकांनी त्यासाठी मोगादिशूत चिकट फेस, छर्ऱ्यांच्या पिशव्यांच्या गोळ्या आणि टोकदार अडथळे सोबत नेले. सैनिकाला शत्रू, नागरिक आणि भुकेला जमाव यांच्यात फरक करावा लागतो, हे सैन्याने तेव्हा गांभीर्याने मान्य केले.

पण युद्धाचे कायदे इथे चकित करतात. १९९७ मध्ये लागू झालेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने अश्रुधूर युद्धपद्धती म्हणून वापरण्यास बंदी घातली; देशांतर्गत दंगल आवरण्यास मात्र मुभा ठेवली. स्वतःच्या नागरिकांवर चालते ते शत्रूवर का चालू नये? उत्तर इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी १९१४ मध्येच डोळ्यांना झोंबणारी रसायने वापरली होती. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडला. खंदकातल्या सैनिकाला समोरून येणारा ढग कोणता हे कळत नाही. तो सर्वांत वाईटच धरून चालतो आणि तसेच उत्तर देतो. शिवाय व्हिएतनाममध्ये भुयारांत लपलेल्यांना सीएसने बाहेर हुसकावून मग गोळ्यांनी टिपले गेले. तिथे अश्रुधुराने कोणाचा जीव वाचवला नाही, मारणे सोपे केले.

डोळे कायमचे आंधळे करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर तर रणांगणावर सर्रास वापर होण्याआधीच, १९९५ मध्ये, आंतरराष्ट्रीय बंदी आली. मानवतेच्या कायद्याचे हे मोठे यश आहे. माणसाऐवजी यंत्रणा निष्प्रभ करणारी शस्त्रेही आहेत: १९९९ मध्ये सर्बियाच्या वीजकेंद्रांवर कार्बन तंतूंचे बॉम्ब टाकले गेले. तंतूंनी तारांमध्ये शॉर्टसर्किट झाले आणि देशाचा बहुतेक भाग अंधारात गेला. बॉम्बने माणूस मरत नाही, पण वीज गेली की पाणीपुरवठा आणि रुग्णालये बंद पडतात, ही गोष्ट त्या हिशेबात धरली जात नाही.

आणि मारक शस्त्र वर्ज्य केले तरी माणसे मरतात, याचे उदाहरण आपल्या सीमेवर आहे. भारत आणि चीन यांच्यातल्या १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष ताबारेषेजवळ गोळी चालवायची नाही. १५ जून २०२० रोजी गलवानमध्ये गोळी चालली नाहीच. दगड, दंडुके आणि खिळे ठोकलेल्या सळया चालल्या, आणि कर्नल संतोष बाबू यांच्यासह भारताचे २० जवान शहीद झाले.

दोन सुटका

१८ ऑक्टोबर १९७७ च्या पहाटे मोगादिशूच्या विमानतळावर जर्मन कमांडोंनी अपहृत लुफ्तान्सा विमानावर धाड घातली. एसएएस या ब्रिटिश विशेष दलाच्या दोघांनी सोबत आणलेले, डोळे दिपवणारे आणि कान बधिर करणारे हातगोळे बाहेर फुटले. अपहरणकर्ते क्षणभर गांगरले आणि तेवढ्यात दारे उघडली गेली. विमानातले सर्व ८६ ओलीस सुटले.

पंचवीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर २००२ रोजी, सुमारे ४० चेचेन बंडखोरांनी मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात आठशेहून अधिक लोकांना ओलीस धरले. २६ तारखेच्या पहाटे हवा खेळवण्याच्या नळ्यांतून गुंगी आणणारा वायू आत सोडण्यात आला. बंडखोर बेशुद्ध पडले आणि सैनिकांनी त्यांना ठार केले. मग खरा अनर्थ झाला. कोणते रसायन वापरले, हे बाहेर थांबलेल्या डॉक्टरांना सांगितलेच नव्हते. उतारा पुरेसा नव्हता. बेशुद्ध माणसांना उताणे झोपवले गेले, जिभा घशात गेल्या, कितीतरी जणांना रुग्णवाहिकांऐवजी बसमधून नेले. सव्वाशेहून अधिक ओलीस मेले आणि त्यातले जवळपास सगळे वायूमुळे. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञांना वाचलेल्यांच्या कपड्यांवर आणि लघवीत कारफेंटॅनिल आणि रेमिफेंटॅनिल सापडले. ही शस्त्रक्रियेतल्या भुलीच्या कुळातली अतितीव्र द्रव्ये आहेत. भूलतज्ज्ञ एका रुग्णाचा श्वास डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. इथे आठशे जणांना, लहान मुलांसकट, अंदाजाने मात्रा दिली गेली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०११ मध्ये वायू वापरण्याच्या निर्णयाला दोष दिला नाही, पण बचावाच्या ढिसाळ तयारीसाठी रशियाला जबाबदार धरले. डिसेंबर २०२१ मध्ये रासायनिक शस्त्रबंदी करारातल्या देशांनी ठरवले की मेंदूवर परिणाम करणारी अशी फवारलेली द्रव्ये पोलिसी कामासाठीही करारात बसत नाहीत.

दोन्हीकडे हेतू ओलिसांना वाचवण्याचा होता. मोगादिशूत साधनाचा परिणाम सेकंदांपुरता होता आणि पुढचा प्रत्येक क्षण आखलेला होता. मॉस्कोत साधन चालले, पण त्यानंतरच्या अर्ध्या तासाचा विचार कोणी केला नव्हता.

नागरिकाने काय मागावे

संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये हवाना येथे ठरवलेली तत्त्वे दोन गोष्टी एका दमात सांगतात: पोलिसांना मारक नसलेली साधने द्या, आणि ती काळजीपूर्वक तपासल्याशिवाय वापरू नका. पहिली गोष्ट सरकारे आनंदाने करतात, कारण तिथे खरेदी असते. दुसरी मागे पडते. आणखी एक धोका असा की, ‘याने कोणी मरत नाही’ अशी समजूत झाली की हात लवकर उठतो. ज्या जमावावर गोळी झाडायला अधिकारी शंभरदा विचार करील, त्याच्यावर छर्रे झाडायला तो तेवढा विचार करीत नाही. शेवटचा उपाय म्हणून आणलेले साधन मग पहिला उपाय बनते.

म्हणून पोलिसांच्या ताफ्यात नवे साधन आल्याची बातमी वाचली की आपण विचारायला हवे: याची चाचणी बनवणाऱ्याखेरीज आणखी कोणी केली आहे का? कमीत कमी अंतर किती, आणि ते मोडल्यास काय शिक्षा आहे? बंदिस्त जागेत वापरायला मनाई आहे का? सोबत रुग्णवाहिका असते का आणि डॉक्टरला रसायनाचे नाव सांगितले जाते का? प्रत्येक वापराची नोंद होते का आणि ती विधिमंडळासमोर येते का? या प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या दलाकडे आहेत, त्याच्या हातात ही साधने खरोखर जीव वाचवतील. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्या हातात ती द्यायची घाई करू नये.